जर्मनचे पायडल

आमच्याकडं अल्युमिनियमले कोणी अल्युमिनियम म्हणत नव्हतं. जर्मन म्हणायचे. भात शिजवायचा जर्मनचा गंज, जर्मनची परात, जर्मनचा डबा. काहून म्हणत हे मले कोणी सांगितलं नाही अन् मी इचारलंही नाही. गरिबाच्या चुलीवर चढते ते भांडं जर्मनचं, एवढं ठाऊक. या एका शब्दापायी माही बायको शेठाणीसारखी मोटारीतून उतरली, ते सांगतो. ती असती तं तिनं माह्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं अन् सांगता सांगता माही इज्जतही काढली असती. आता ती नाही, म्हणून मलेच लिहा लागते.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता. मी कारंज्यात एका कापसाच्या शेठकडं ड्रायव्हर होतो. गाडी काळी अँबेसेडर. बायकोचं माहेर किन्हीराजा. आमी जायचो एस.टी.नं, डोक्यावर गाठोडं घेऊन. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माहा साडू, फटफटीवर येई. त्याचा आवाज गावकुसावर आला की सासू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. आमी पोचलो की ती रांजणाकडं बोट दाखवी.

"एवढी मोठी गाडी हाकता," बायको म्हणायची, "अन् मले एस.टी.च्या दांड्याले लटकून जा लागते."

"गाडी शेठची हाय."

"हाकते कोन?"

"मी."

"मंग?"

तिचं मागणं साधं होतं. एकदा मोटारीत, मागच्या सीटवर बसून माहेरी जायचं. दारात गाडी थांबली की मी खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडायचं, शेठाणीले उघडतो तसं. अन् तेव्हा साडू घरी पाहिजे. पण शेठचा नियम पक्का होता, ड्रायव्हरच्या घरचं माणूस गाडीत बसणार नाही.

एक दिवस शेठले अकोल्याहून घेऊन आलो. घरी उतरल्यावर म्हणाला, "त्या दलालाची गाडी पाहिली का रे? पायडल कसे चमकत होते! चांदी जैसे. अपने को भी वैसेच पाहिजे."

आमच्या गाडीच्या पायडलाचं रबर झिजून गेलं होतं, हे खरं. पण चमकणारे पायडल कारंज्यात कुठं भेटणार? दोन दुकानं इचारली. एका दुकानदारानं मले खालपासून वरपर्यंत पाहिलं अन् म्हणे, "पायडल चमकवून काय करता? वर तुमचा पायच राह्यते ना?"

घरी येऊन बायकोले सांगितलं.

"कायचे असते ते?"

"अल्युमिनियमचे."

"म्हंजे जर्मनचे ना?" ती हसली. "तं मंग एवढं तोंड पाडून काहून बसले?"

तिनं माळ्यावरून गंज काढला. लग्नात माहेरून आलेला, जाड, आताच्यासारखा कागदी नाही. बुडाले भोक पडलं होतं म्हणून त्यात कांदे राहायचे. माहेरचा म्हणून मोडीत देत नव्हती. त्याच्या अंगावर ठोक्यानं टिंब टिंब पाडून नाव टाकलेलं होतं. देणाऱ्याचं नाव घासून घासून गेलं होतं, गावाचं तेवढं शाबूत होतं. किन्हीराजा.

"घेऊन जा," म्हणे, "पण नाव सोडून कापा."

बादल्या अन् कंदील दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, त्याच्याकडं नेला. त्याले सांगितलं, नाव सोडून काप. तो म्हणे, "मियाँ, बाकी सब तो पिचका है. सीधा टुकड़ा यहीं है." अन् मी हो-नाही म्हणायच्या आत कातर चालवली. कापली ती बरोबर नावाच्या मधून. एका तुकड्यावर किन्ही, दुसऱ्यावर राजा. गंजाचा कान उरला होता तो ठोकून सपाट केला, एक्सिलेटरले झाला. पायडलाचं जुनं रबर काढलं, लोखंडाले भोकं पाडली, कोपऱ्या-कोपऱ्यात पेच आवळले. नाव खाली दाबून टाकलं, गुळगुळीत बाजू वर. राखेनं घासले तं असे चमकले की मलेच पाय ठेवाची लाज वाटली.

शेठनं वाकून पाहिलं. "कहाँ के है रे?"

"जर्मनचे, शेठजी."

मी खरं बोललो. खोट्याचं एक अक्षर नाही. पण शेठच्या घरी तीन पिढ्या पितळ अन् चांदी. त्याले जर्मन म्हणजे देशच ठाऊक.

"जर्मन!" त्याचे डोळे मोठे झाले. "शाबास."

मग काय इचारता! कापसाच्या बाजारात गाडी थांबली की शेठ दार उघडं ठेवून उभा राहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणायचा, "पाय बघा, पाय. जर्मन हाय." लोक वाकून माहे पाय पाहायचे. माह्या चपलेचा अंगठा तुटला होता, तोही त्यांनी पाहिला असंल.

भानगड अशी झाली की ते गुळगुळीत जर्मन चपलेखालून सटकायचं. एक दिवस समोर बकऱ्यांचा कळप आला. मी ब्रेक दाबला, पाय सटकला, दुसऱ्यांदा दाबला तेव्हा गाडी थांबली. बकऱ्या वाचल्या. शेठचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं अन् टोपी माह्या मांडीवर येऊन पडली.

त्याच दिवशी मी पेच काढले अन् पत्रे उलटे बसवले. नावाची टिंबं वर आली. चप्पल अशी धरून राहिली की नवं रबरही झक मारंल. क्लचवर किन्ही, ब्रेकवर राजा.

दुपारी बायको डबा घेऊन आली. गाडीच्या दारातून आत पाहिलं अन् डबा टपावर आपटला.

"आवो! माह्या माहेरावर पाय देऊन राह्यले तुमी?"

"हळू बोल."

"कायले हळू? माह्या मायनं देल्ला गंज! नाव सोडून कापा म्हनलं होतं का नाही? अन् तुमी किन्हीवर एक अन् राजावर एक पाय देऊन कारंजाभर फिरून राह्यले!"

"पाय सटकत होता."

"मले काही सांगू नका. माहेरावर पाय देल्ला ना? आता माहेरी नेऊन सोडा. गाडीनं. नाहीतं मी शेठजीले सांगतो, जर्मनी कुठं हाय ते."

तिचा आवाज कारंज्याच्या एस.टी. स्टँडपर्यंत जाईल असा. नोकरी गेलीच समजून मी डबाही धड खाल्ला नाही.

तिले सांगा लागलं नाही. दोन-चार दिवसांनी शेठ पुढं माह्या बाजूले बसला होता. आधी त्याले ब्रेकवरचं राजा दिसलं. खूश झाला. "जर्मनीवाल्यांनी राजा लिहून पाठवलं बघ. अपने मराठी में!" मी मान हलवली. मग मी गेर टाकून क्लचवरून पाय उचलला.

शेठनं वाचलं. किन्ही. पुन्हा राजा. पुन्हा किन्ही. किन्हीराजाचा कापूस तो दरसाल घेत होता.

"गाडी थांबव."

थांबवली. राजावर पाय देऊन.

"जर्मनीत किन्हीराजा कधी आलं रे?"

"शेठजी, मी जर्मनी म्हटलंच नाही. जर्मन म्हटलं. आमच्यात गंज जर्मनचाच राह्यते."

"गंज?" त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "मी सगळ्या बाजाराले गंज दाखवला?"

"दाखवला, शेठजी."

आता हा मले काढते, असं मले वाटलं. पण शेठ धंद्याचा माणूस. काढलं तं काहून काढलं हे बाजार इचारल, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं खिडकीची काच वर केली अन् हळूच म्हणाला, "कोणाले माहीत हाय?"

"मले. अन् घरी."

"तू तं बोलणार नाहीस."

"मी नाही बोलत, शेठजी. तिचं मी काय सांगू?"

शेठनं तिचा आवाज ऐकला होता. "काय पाहिजे तिले?" म्हणाला.

रविवारी आमी किन्हीराजाले गेलो. ती मागं बसली, डोक्यावरचा पदर सारखा करत. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. माही बायको अन् शब्द नाही! फक्त वळणावर मी जोरात घेतली तेव्हा म्हणाली, "राजावर पाय द्या." पुढं हे तिचं नेहमीचंच झालं. मी पोरांवर, शेजाऱ्यावर तोंड सोडलं की चुलीपासून आवाज यायचा, राजावर पाय द्या. मले दुसऱ्या कोणी एवढ्या लवकर थांबवलं नाही.

साडू ओट्यावर बसला होता. फटफटी टेकवून. मी उतरलो, फेरी मारून गेलो, दार उघडलं. "उतरा, बाईसाहेब." ती लगेच उतरली नाही. साडूनं नीट पाहिलं याची खात्री केली, मग एक पाय खाली ठेवला. सासू तांब्या घेऊन धावली, घाईत अर्धा माह्या पायावर सांडला.

पाणी पिऊन झाल्यावर सासूनं इचारलं, "पोरी, तो लग्नातला गंज हाय ना चांगला?"

मी गाडीकडं पाहिलं.

"हाय ना माय," ही म्हणाली. "रोज वापरात हाय. यांचा तं पायच निघत नाही त्याच्यावरून."

मले ठसका लागला. साडू माही पाठ थोपटत होता.

मागल्या साली तिले घरून शेवटची नेली ती गाडीतूनच. मी गाडीच्या दाराकडं निघालो तं पोरं म्हणाले, बाबा, तुमी बसा, आमी उघडतो. मी त्यांना बाजूले सारलं. काय बसा? तिचं दार मीच उघडतो.