कोरवेल मैत्री उद्यान, बोरदरा

मला त्या कमानीची शिसारी येते. 'कोरवेल मैत्री उद्यान, बोरदरा' अशी सोनेरी अक्षरं. थू! मी तिच्यासमोरून जात नाय, मागच्या पांदीनं चिखल तुडवत जातो. बायको म्हणते, येडा झालाय. झालो तर झालो.

बोरदरा म्हणजे आमचं गाव, सिल्लोड रस्त्यावरून आत. कोरवेल फ्रान्समधलं, डोंगरातलं, दोन-तीनशे माणसांचं खेडं. ही गाठ घातली राजाबाईनं, आमच्या गावच्या मेंढकिणीनं. आज कुणी कबूल करत नाय, म्हणून मी सांगतो.

राजाबाईचा नवरा केरबा पान लागून, साप चावून गेला तेव्हा पोरगा खंडेराव कडेवर होता. तिनं रडणंबिडणं दोन दिवसांत आटोपलं अन् काठी घेऊन कळपामागं गेली. उन्हाळ्यात वावरं मोकळी असली की आम्हीच तिला बोलवायचो, "मेंढरं बसव गं आमच्यात." रातभर मेंढरं बसायची, सकाळी ती पायलीनं जवारी घेऊन जायची. माझी कपाशी त्या लेंडीखतावर माथ्याला लागायची. पण पाऊस पडून पिकं उभी राहिली की तेच आम्ही तिला बांधावर फिरकू देत नव्हतो. मग उरायचं एकच, गावचं गायरान. गायरान होतं म्हणून राजाबाईची मेंढरं होती. एवढा साधा हिशेब.

एकदा अजिंठ्याला निघालेली गाडी तिच्या कळपात अडकली. आतून एक गोरी बाई उतरली, थेट मांडी ठोकून बसली अन् मेंढीचं तोंड उघडून दात बघायला लागली. राजाबाई म्हणाली, "आता गं बया! हिला दात कळतेत!"

ती होती कोरवेलची सरपंचीण. घरची मेंढरंवाली. सोबत मुकुंदवाडीची विशाखा होती, शहरात फ्रेंच शिकून गाईडचं काम करणारी. तिघी लिंबाखाली बसल्या. ठेच्यानं पाहुणीच्या डोळ्यांना धार लागली, तरी तिनं भाकर टाकली नाय. परत गेल्यावर तिनं कळवलं, आपल्या दोन गावांची दोस्ती करू.

झालं! आमचा सरपंच कृष्णा अंगात आल्यावानी नाचायला लागला. पाहुण्यांना दाखवायला बगीचा पायजे म्हणे. अन् जागा? गायरान.

ग्रामसभेत मी उठलो. "मेंढरांमुळं दोस्ती झाली, अन् मेंढरांचीच जागा घेता? जनाची नाय तर मनाची तरी!"

"बसा काका, गावाचं नाव जगात चाललंय," कृष्णा म्हणाला. लोक हसले.

राजाबाईनं एवढंच विचारलं, "पावसाळ्यात मेंढरं कुठं नेऊ?"

"मावशी, खंडेरावला तिथंच वॉचमन लावतो. मेंढरामागं हिंडायचं वय हाय का तुमचं?"

खंडेरावनं मान खाली घातली. त्याला बायको-लेकरं, हाताला काम नाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गायरान गेलं.

श्रावणात उद्घाटन. हिरवीगार लॉन, अन् मधोमध सिमेंटच्या मेंढ्या, ऑइलपेंट मारलेल्या. डोळे हुबेहूब कृष्णासारखे, मेले! राजाबाईला शाल-नारळ देऊन शेवटच्या खुर्चीत बसवलं. कोरवेलची सरपंचीण बोलायला उठली. विशाखा मराठीतून सांगत गेली.

"आमच्या गावाचा डोंगर होता, सगळ्यांच्या चराईचा. माझ्या आजोबांच्या काळात तो हॉटेलवाल्याला विकला. आधी मेंढरं गेली, मग मेंढके गेले, मग शाळेला कुलूप लागलं. तो डोंगर परत मिळवायला आमच्या दोन पिढ्या खपल्या. राजाबाईला बघितलं तेव्हा वाटलं, ह्या गावानं आमची चूक केली नाय."

अन् टाळ्या! सगळ्यांत जोरात कृष्णाच्या. लाजच विकून खाल्ली का रे तुम्ही?

पाहुणीनं चौफेर बघितलं, मग विशाखाला काहीतरी विचारलं. विशाखाचा चेहरा उतरला. ती राजाबाईजवळ आली. "आजी, त्या विचारतेत, तुमचं चराईचं रान कुठाय? काय सांगू?"

कृष्णाचा हसरा चेहरा जागीच थिजला. राजाबाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग फाटकाकडं. तिथं खंडेराव नव्या कोऱ्या वर्दीत उभा होता. घामानं निथळत होता.

"हाय म्हणावं," राजाबाई म्हणाली. "डोंगराच्या पल्याड. लई मोठं हाय."

पाहुणीनं तिला मिठी मारली. फोटो निघाले.

माझ्या बांधाच्या कडेला चार दिवस मेंढरं चारली तिनं. पुढं शेजारच्या सोमनाथच्या मक्यात कोकरं घुसली, शिव्यागाळी झाली. कुणीही तिला वावरात उभं करेना. शेवटी तिनं कळप सिल्लोडच्या बाजारात नेला अन् खाटकाला विकला.

आता कृष्णानं तिलाही उद्यानात लावलंय, रोजंदारीवर. "मावशीची सोय केली," असं चार लोकांत सांगत फिरतो, निर्लज्ज. ती इळ्यानं लॉन कापते, गवत पोत्यात भरते अन् उकिरड्यावर नेऊन टाकते.

परवा पांदीत गाठ पडली. डोक्यावर पोतं होतं. मी म्हणालो, "राजाबाई, नको करू हे काम. बघवत नाय."

तिनं पोतं खाली ठेवलं, मूठभर गवत काढून नाकाशी धरलं.

"गवत लई चांगलं आलंय बघ, दादा," ती म्हणाली. "खायला कुणी नाय."