साडूभाऊ आणि कपाटाची दोन दारं

माझे थोरले साडू गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या धाकट्या मुलीने सगळ्या नातेवाइकांकडून त्यांच्याबद्दल दोन-दोन पानं लिहून मागितली आहेत. मी जन्मभर पोस्टात कारकुनी केली, इतरांची पत्रं हाताळली, स्वतः फारशी लिहिली नाहीत. शिवाय खरं सांगायचं तर साडूभाऊंना मी नीट ओळखतच नव्हतो. चव्वेचाळीस वर्षांचं नातं, पण त्यांना कशाची काळजी वाटायची, तरुणपणी काय व्हायचं मनात होतं, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या बोलायच्या आणि आम्ही दोघं शेजारी बसून चहा प्यायचो. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

ते लोखंड ओतण्याच्या कारखान्यात लाकडी नमुने करायचे. जी वस्तू हवी तिचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, अशी ती पद्धत. वडील वारले तेव्हा सतराव्या वर्षी ते कामाला लागले आणि साठाव्या वर्षी बाहेर पडले. सकाळच्या पाळीला जाण्याआधी घरातलं पाणी भरायचं, तिन्ही मुलांच्या बुटांना पॉलिश करायचं, मग सायकल काढायची. संध्याकाळी आले की शेजारच्या कुणाची तरी मोडकी खुर्ची दारात वाट बघत असायचीच. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, वैतागून म्हणायची, "यांना जरा स्वस्थ बसा म्हटलं, तर स्वस्थ बसायला आधी स्टूल करायला घेतील!"

निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या खोलीत सुतारकामाचा बाक मांडला. दोन्ही मुलींच्या घरचे पलंग, सुनेच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या, माझ्याकडचं चपलांचं कपाट, सगळं त्या खोलीतून आलं. ताई गेल्यावर तर ती खोली म्हणजेच त्यांचा दिवस झाला. नऊ वाजता आत, एक वाजता जेवायला बाहेर, पुन्हा आत.

एकोणऐंशीव्या वर्षी विजेच्या करवतीने त्यांचा अंगठा कापला. पाच टाके पडले. एका डोळ्याने आधीच धूसर दिसत होतं. मुलगा घाबरला आणि घाबरला की तो चिडतो.

"बाबा, आता बास. ती खोली रिकामी करू. हत्यारं एखाद्या सुताराला देऊन टाकू."

"आणि मी काय करू? भिंतीवरचं घड्याळ बघत बसू?"

"लोक बसतात की!"

"लोकांची घड्याळं चांगली असतील."

शेवटी सुनेने तोड काढली. तिच्या ओट्याखालच्या कपाटाची दोन्ही दारं ओल धरून फुगली होती. ती म्हणाली, "बाबांना नवीन दारं करू द्या. नीट बसली तर खोली त्यांची. नाही बसली तर तुम्ही म्हणाल तसं." साडूभाऊ कबूल झाले. मुलगाही झाला, पण विजेची करवत वापरायची नाही आणि सोबत कुणीतरी हवं, या अटीवर.

ते कुणीतरी म्हणजे मी. "पोस्टमास्तर," ते मला म्हणाले (मी कधीच पोस्टमास्तर नव्हतो, पण ते मला तसंच म्हणायचे), "तुम्ही आकडे वाचा, मी हात चालवतो."

मी कपाटाचं माप टेपने घेऊन कागदावर लिहिलं. फळ्यांवर खुणा करताना त्यांनी पट्टी मागितली. पेटीत दोन स्टीलच्या पट्ट्या होत्या. जी हाताला लागली ती मी दिली. ते खूण करायचे, मी आकडा वाचायचो. पाच दिवस हे चाललं. त्यांनी हातकरवतीने फळ्या कापल्या, रंधा मारला, कडा घासल्या. मी त्यांना इतकं जवळून काम करताना कधी पाहिलं नव्हतं. दिसत नसलं की ते बोटाच्या पेराने कड चाचपायचे आणि जिथे थांबायचे तिथे हटकून उंचवटा असायचा.

रविवारी सकाळी दारं स्वयंपाकघरात नेली. बसेनात. उंचीला सात-आठ मिलिमीटर जास्त, रुंदीलाही जास्त.

मुलगा ओरडला नाही, हे जास्त वाईट झालं. हळूच म्हणाला, "बाबा, ठरलं होतं ना?"

साडूभाऊंनी टेप माझ्या हातात दिली. "वाचा." बहात्तर सेंटिमीटर हवं होतं. मी वाचलं, "बहात्तर पूर्णांक सात." त्यांनी रुंदीही वाचायला लावली. मग त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले आणि खोलीकडे वळले. मी मागोमाग गेलो. त्यांनी पेटीतल्या दोन्ही पट्ट्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. मी दिलेल्या पट्टीवरचे आकडे दुसरीपेक्षा जरा लांब लांब होते. वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, दर शंभराला सुमारे एक. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि नमुन्याच्या कामाची ती पट्टी मुळातच तेवढी वाढीव असते. त्रेचाळीस वर्षं ती त्यांच्या हातात होती, त्यामुळे हाताला काही वेगळं वाटलंच नाही.

"मग सांगा ना त्यांना!" मी म्हणालो.

"काय सांगू? पाहुण्याने चुकीची पट्टी दिली म्हणून? बघून घ्यायचं काम माझं होतं."

एरवी चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मूग गिळून बसतो. त्या दिवशी दोन्ही पट्ट्या घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि कसंबसं म्हणालो, "ही मी दिली. मला ठाऊक नव्हतं. डोळ्याने चुकलं असतं तर दारं वेडीवाकडी झाली असती. ही सगळीकडून सारखीच वाढली आहेत."

मुलाने पट्ट्या एकमेकींना लावून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. साडूभाऊ दारात येऊन उभे होते. सुनेला म्हणाले, "तुला लोखंडी दारं हवी असती ना, तर थंड झाल्यावर अगदी बरोब्बर बसली असती."

ती खो-खो हसली. मुलगाही हसला, पण उशिरा. "आता काय करायचं?"

"लाकूड जास्त आहे तोवर रंधा आहे. कमी पडलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं."

दोन तासांत दारं बसली. मुलाने विजेची करवत दुसऱ्या दिवशी घराबाहेर काढली. खोली राहिली.

त्यानंतर साडेतीन वर्षं ते रोज तिथे काम करत होते. मी गुरुवारी जायचो, आकडे वाचायला. तेव्हाही आम्ही फार बोललो असं नाही. शेवटच्या गुरुवारी ते नातीच्या टेबलाला खण बसवत होते. मी निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"जाताना दार ओढून घ्या हो, भुसा बाहेर उडतो. सुनेने आत्ताच फरशी पुसलीय."

"घेतो," मी म्हणालो.