उंबरठ्याबाहेरची खुर्ची

मिस्त्रींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. या कामाला माणसं दोन लागतात. एक वर यंत्राच्या खोलीत, दुसरा खाली खड्ड्यात. खालचा ओरडणार, "वर घे!" वरच्यानं आधी तेच शब्द परत ओरडायचे आणि मगच बटणाला हात लावायचा. हाक आली नाही तर हात जागच्या जागी. या सवयीमुळे मिस्त्री हातीपायी धड निवृत्त झाले आणि याच सवयीनं त्यांनी घरात बायकोला भंडावून सोडलं. तिनं "दिवा लावा" म्हटलं की हे आधी "दिवा लावतो!" असं खणखणीत सांगणार आणि मग उठणार. "अहो, घर आहे हे, लिफ्ट नाही," ती म्हणायची. पण मिस्त्रीणबाईंना ते आवडत असावं. निदान आपलं बोलणं नवऱ्याच्या कानात शिरलं एवढं तरी कळायचं. किती बायकांच्या नशिबी तेवढं असतं?

दर हिवाळ्यात सुट्टीला सगळं कुटुंब टेकडीवरच्या त्याच भाड्याच्या घरात जायचं. मुलं लहान होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. पहिल्याच वर्षी मिस्त्रींनी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं, "वर्षभर तू रांधतेस. इथं मी रांधणार. तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

मिस्त्रीणबाईंनी पाऊल टाकलं नाही. त्यांनी वेताची खुर्ची ओढून बरोबर उंबरठ्याबाहेर मांडली, पायांवर शाल घेतली आणि मटार सोलत बसल्या. तिथून सुरू. "कांदा हलवा!" आतून उत्तर, "कांदा हलवतो!" "आच कमी!" "आच कमी!" "आता मीठ!" "मीठ!" बाहेरच्या खोलीत पोरं हसून लोळायची. एका वर्षी कांदा करपला तर बाईंनी सगळ्यांसमोर अशी काही खरडपट्टी काढली की शेजारच्या घरातला माणूस खिडकीत आला. आणि शेवटी ते बटाटे, गाजरं, मटार घातलेलं दाट सूप वाटीत पडलं की मिस्त्री छाती काढून विचारायचे, "कसं झालंय?" जणू सगळं यांनीच केलंय. बाईही खुशाल मान डोलवायच्या.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या.

हिवाळा आला तसा मुलगा चाचरत म्हणाला, "बाबा, या वेळी हॉटेलात राहू या का? जेवणाखाण्याची कटकट नको."

"घर तेच आणि स्वयंपाक मीच करणार," मिस्त्री म्हणाले.

"बरं. या वर्षी बघू कसं जमतं. नाहीतर पुढच्या वर्षीपासून हॉटेल."

मुलानं ते काळजीपोटीच म्हटलं. पण मिस्त्रींच्या मनात ते रुतून बसलं. बाकी सगळीकडून ती गेलीच होती. कपाटातून गेली, अंगणातल्या दोरीवरून गेली. ते टेकडीवरचं घर सुटलं की तिथूनही जाणार. म्हणून हे सूप जमायलाच हवं होतं.

घर होतं तसंच होतं. त्याच गार फरशा, तीच गळकी तोटी, खिडकीच्या काचेवर तीच वाफ. खुर्चीही दाराशीच होती. आल्या आल्या पोरांनी तिच्यावर कोटांचा ढीग टाकला होता. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या, कांदा चिरला, परतला, बटाटे घातले. इथवर हात आपसूक चालले. मग बटाटे शिजले आणि मिस्त्रींचा हात थांबला.

पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मिठाचा डबा समोर होता. पण इथं हाक यायची, आणि हाकेवाचून हात हलवायचा नाही हे हाडीमाशी खिळलेलं. पळी हातात धरून ते दाराकडे कान देऊन उभे राहिले. बाहेर पोरं पत्ते खेळत होती. कोट गप्प बसले होते. तेवढ्यात मुलगा आला, "झालं ना बाबा? भुकेनं जीव जातोय सगळ्यांचा," म्हणाला आणि भांडं उचलून घेऊन गेला.

पहिला चमचा तोंडात गेला आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लेक म्हणाली, "वा बाबा, अगदी नेहमीसारखं!" मुलगा खाली मान घालून पाव मोडू लागला. मिस्त्रींनी चमचा तोंडात घातला. नुसतं कोमट पाणी. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. सगळे मुकाट्यानं, शहाण्यासारखे जेवत होते. आपल्याला सांभाळून घेताहेत, त्यांना कळलं. बायको गेली तेव्हा त्यांना म्हातारं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. ते आत्ता वाटलं. या घरात त्यांची कधी कोणी गय केली नव्हती.

सूनबाई टेबलाच्या टोकाला बसली होती. लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडी एकच वाक्य, "छान झालंय." बाई हसून म्हणायच्या, "या पोरीला उकळलेलं फडकं वाढा, त्यालाही छान म्हणेल." आता तिनं चमचा खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाबा, यात मीठच नाहीये."

"अगं, असू दे ना," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"काय असू दे? आई असत्या तर केव्हाच ओरडल्या असत्या. अळणी आहे ते अळणी आहे." आणि मग आपण काय बोलून बसलो या धास्तीनं तिनं ओठ आवळले.

"मीठ!" मिस्त्री खणखणीत आवाजात म्हणाले. सवयीनंच निघालं ते. मग ते उठले, भांडं उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाले. दाराशी थबकले. भांडं कडेला ठेवलं आणि खुर्चीवरचे कोट एकेक करून खाली काढले.

"सूनबाई, इकडे ये. बस इथं."

"मी? बाबा, ही आईंची…"

"माहितेय कुणाची ती. बस. किती घालू ते सांग."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मिस्त्री उंबरठा ओलांडून आत गेले, भांडं शेगडीवर चढवलं आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. डोळे भरून आले होते, ते पोरीला दिसायला नको होते.

"दोन चमचे," ती पुटपुटली.

"ऐकू येत नाही." कान ठणठणीत होते त्यांचे.

"दोन चमचे!" सूनबाई ओरडली.

"दोन चमचे!" मिस्त्री आतून ओरडले आणि त्यांचा हात मिठाच्या डब्यात गेला.