दोन ऑफ लागून

अमेरिकेतल्या कोणत्याही गावात शनिवार-रविवार कसा घालवावा, हे जगात फक्त एकाच माणसाला नीट कळत होतं, आणि तो माणूस भिलाईच्या सेक्टर सातमध्ये राहत होता. माझ्या वहिनीचे ते सख्खे काका. पण वहिनी आमच्या घरात येऊन वर्ष होत नाही तोच ते सगळ्या स्ट्रीटचे ‘वहिनीचे काका’ झाले. पोस्टमनसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारी. त्यांनी स्वतः अमेरिका पाहिली नव्हती, हे सांगायला नकोच. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास एका लग्नासाठी पुण्यापर्यंत झाला होता, आणि पुणं त्यांना फारसं पटलं नव्हतं. पण बोस्टनला उतरलेल्या माणसानं शनिवारी सकाळी आधी कुठं जावं, बफेलोहून धबधबा पाहायला निघताना रेनकोट बॅगेत वर ठेवावा की खाली, सॅन फ्रान्सिस्कोत धुकं यायच्या आत पूल कसा पाहून घ्यावा, हे त्यांनाच विचारावं.

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे आमच्या ‘प्लांट’च्या टाइम ऑफिसात, ते क्लार्क होते. कोणाची कुठली शिफ्ट, कोणाचा साप्ताहिक ऑफ कोणत्या वारी, याचे तक्ते करण्यात त्यांची हयात गेली. भिलाईत ऑफ म्हणजे आठवड्यातून एक दिवस, आणि तोही आपला मंगळवारी तर शेजाऱ्याचा गुरुवारी. मी शाळेत असताना कधीतरी त्यांच्या वाचनात आलं की अमेरिकेत शनिवार-रविवार असे दोन ऑफ लागून मिळतात. काकू सांगायच्या की ते वाचून काका दोन दिवस नीट जेवलेच नाहीत. जन्मभर माणसांना एकेक ऑफ वाटत आलेल्या माणसाला ही उधळपट्टी सहन होईना. “दोन ऑफ लागून भेटतात त्याइले,” ते माझ्या वडिलांना म्हणाले, “अन् झोपून काढत असतील तर काय उपयोग? कोणीतरी लावून द्याले पाहिजे ना.” मग ते लावून द्यायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं.

त्यासाठी लागणारी माहिती जवळच्या सुपेला बाजारातल्या रद्दीवाल्याकडून येई. अमेरिकेचं चित्र असलेला कुठलाही कागद तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. शिवाय टाउनशिपमधल्या ज्या ज्या घरातून कोणी तिकडे गेलं असेल, त्या त्या घरी काका चहाला जात आणि नकाशे, बसची वेळापत्रकं, हॉटेलातल्या साबणाची वेष्टनंसुद्धा मागून आणत. मग प्लांटच्या मोठ्या रजिस्टरात एका पानावर एक गाव, असा तक्ता तयार होई. भाषा मात्र टाइम ऑफिसचीच, सकाळ म्हणजे ए शिफ्ट आणि संध्याकाळ म्हणजे बी. शिकागोच्या पानावर लिहिलेलं मला अजून आठवतं: ‘शनिवार, ए शिफ्ट: सरोवर. जनरल शिफ्टमध्ये म्युझियम. बी शिफ्टला उंच इमारत. वर वारा असतो, मफलर न्यावा.’ जेवणाच्या रकान्यात सगळ्या गावांना एकच मजकूर होता: पोळ्या, लसणाची चटणी, पाणी. आणि ज्या गावात पोलादाचा कारखाना असेल तिथं पाहण्यासारख्या ठिकाणांत पहिला नंबर त्याचाच, पुढं कंसात ‘बाहेरून’. गेटपासशिवाय आत सोडणार नाहीत, एवढा व्यवहार काकांना कळत होता.

लग्नानंतर मी अमेरिकेला निघाले तेव्हा माहेरून साडी-चोळी आणि वहिनीच्या काकांकडून न्यूयॉर्कचं पान मिळालं. आमचा मुक्काम बत्तिसाव्या स्ट्रीटवर एका ओळखीच्यांकडे होता, आणि काकांनी पहिल्याच सकाळी ब्याऐंशीव्या स्ट्रीटवरचं म्युझियम लावून दिलं होतं. पुढं शेरा: ‘फक्त पन्नास स्ट्रीट. पायी पंचवीस मिनिटे.’ हा हिशेब हवेतला नव्हता. काका हातात घड्याळ धरून सेक्टर सातच्या स्ट्रीट एकपासून पंचवीसपर्यंत स्वतः चालत गेले होते आणि साडेबारा मिनिटांत पोचले होते. आपल्याकडे स्ट्रीट म्हणजे क्वार्टरांची एक ओळ, मागच्या अंगणातून हाक मारली की पुढच्या स्ट्रीटवर ऐकू जाते. मीही त्याच स्ट्रीटवर वाढलेली, त्यामुळे मला त्यात काही चूक दिसली नाही. नव्या नवऱ्यासमोर ऐट दाखवत मी टॅक्सी नाकारली. म्युझियमच्या पायऱ्यांवर पोचायला आम्हाला सव्वा तास लागला, आणि पोचल्यावर माझ्या नवऱ्यानं पायऱ्यांवर बसून बूट काढले आणि तो आत जायचं नाव घेईना. मी काकांना सविस्तर पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं की तुम्ही मधात कुठंतरी गप्पा मारत उभे राहिले असाल.

पुढं आम्ही पिट्सबर्गजवळ राहायला गेलो तेव्हा त्यांनी खास पान पाठवलं. भिलाईच्या माणसाला पोलादाचं ते गाव म्हणजे थोरल्या भावाचं घर. पण तिथल्या नदीकाठच्या भट्ट्या एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या. लांबच लांब शेड गंजत उभ्या होत्या आणि फाटकांना कुलपं होती. मी तसं कळवलं. त्यांना ते पटलंच नाही, मेंटेनन्ससाठी शटडाउन घेतला असेल, असं त्यांनी लिहिलं. महिन्याभरानं आईचं पत्र आलं. काका एका संध्याकाळी आमच्या घरी आले होते म्हणे, आणि त्यांनी विचारलं होतं, “भट्टी बंद झाली तर तिथल्या टाइम ऑफिसातले लोक कुठं गेले असतील?” आईनं चहा टाकला.

आता असा माणूस स्वतःच्या ऑफला काय करत असेल, असं वाटेल. काही नाही. सायकलला तेल देत, कूलरची जाळी धूत आणि दुपारी झोपत. काकूंना त्यांनी गावातलीच प्राण्यांची मैत्री बाग दाखवली ती लग्नानंतर एकदा, आणि डोंगरगडची देवी गाडीनं दीड तासावर असूनही वर्षानुवर्षं ‘पुढच्या ऑफला’ राहिली. काकू शांत बाई. मुळातच त्यांना फिरण्याची हौस नव्हती. “याइले सारी अमेरिका पाठ हाय,” त्या आईला म्हणायच्या, “पर सुपेल्याच्या बाजारात मले एकलीच जा लागते.” आणि हसायच्या. त्यांचं हे हसणं नातीच्या जन्मापर्यंत टिकलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिकून तिकडेच स्थायिक झाला होता. त्याला मुलगी झाली आणि काकूंचं चित्त थाऱ्यावर राहीना. नात रांगायला लागली, उभी राहिली, चालायला लागली, हे सगळं त्यांना पंधरा-पंधरा दिवस उशिरा पत्रातून कळे. फोटो आला की त्या तो हातात धरून पोरीची उंची शेजारच्या खुर्चीवरून मोजायच्या. पोर दीड वर्षाची झाली तेव्हा मुलानं कागदपत्रं धाडली: दोघं दोन महिन्यांसाठी या. काकांनी रजा टाकली, आणि व्हिसासाठी दोघं मुंबईला गेले. जाताना काकांनी रजिस्टर बरोबर घेतलं.

अमेरिकन वकिलातीत खिडकीवरच्या साहेबानं नेहमीचा प्रश्न विचारला, किती दिवस राहणार. काकूंनी पाठ केलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण कशासाठी जाता, असंही त्यानं विचारलं, आणि काकांना जन्मात पहिल्यांदा योग्य माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी रजिस्टर खिडकीवर ठेवलं. सत्तावन्न गावं. साहेबानं कौतुकानं पानं चाळली आणि दुभाष्यामार्फत विचारलं की एवढं पाहायला किती काळ लागेल. काका म्हणाले, सत्तावन्न आठवडे. दोन महिन्यांत लागोपाठ उरकता येणार नाही का, असं त्यानं विचारून पाहिलं. भल्या माणसानं एक संधी दिली होती. पण काकांनी त्याला समजावून सांगितलं की ट्रिप शनिवारी-रविवारीच करायची असते, मधल्या वारी ड्यूटी असते. तुमची तिथं कसली ड्यूटी, असा पुढचा प्रश्न आला. त्यावर काका गडबडले. तक्ते करताना हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वर्षाहून जास्त राहायचं आणि आठवडाभर ड्यूटीही करायची, असं ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, त्याला पाहुणा म्हणून कोण सोडणार? पासपोर्ट परत आले.

परतीच्या गाडीतलं काकांनीच मला पुढं सांगितलं. नागपूरला त्यांनी पाण्याची बाटली भरून आणली, ती काकूंनी घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मले कोठी फिराचं नव्हतं जी. मले पोरगी पाह्याची होती.” बस, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका म्हणायचे. त्यानंतर कोणाचा मुलगा अमेरिकेला निघाला की लोक सवयीनं त्यांच्याकडे येत, पण ते हात जोडून सांगत की आता तिकडचं काही ध्यानात राहत नाही. सुपेल्याचा रद्दीवालाही दोनतीनदा निरोप पाठवून थांबला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर ज्या वेडाची आम्ही टिंगल केली, ते वेड गेल्यावर स्ट्रीटवरचं काहीतरी उणं झालं.

दोन वर्षांनी डिसेंबरात मुलगाच आला, बायको-पोरीला घेऊन, आठ दिवसांसाठी. काकांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. आता नातीला भिलाई दाखवायची. मैत्री बाग, मरोद्याचं तळं, डोंगरगड, एका दिवशी दुरून भट्टीचा उजेड. आठही दिवस तक्त्यात लावून झाले, भाड्याची जीप ठरली. आणि पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. टाउनशिपमध्ये नळाला पाणी ठरल्या वेळीच येतं. काकू बादल्या लावून बसल्या होत्या आणि साडेतीन वर्षांची ती पोर शेजारी उकिडवी बसून पाहत होती. नळानं आधी फुरफुर केली, खोकला, आणि मग धार लागली. पोरीच्या मते एवढी मोठी गोष्ट जगात आजवर घडली नव्हती. तिच्या घरी पाणी नेहमीच असे. पाणी येतं, ते तिनं पहिल्यांदा पाहिलं. तिला मराठी येत नव्हती आणि काकूंना तिची इंग्रजी कळत नव्हती, पण तांब्या कुठं धरायचा हे दोघींचं लगेच ठरलं. जीप दारात हॉर्न वाजवत राहिली. पोर उठेना. संध्याकाळी पाणी पुन्हा येणार, हे कळल्यावर तर ती दुपारपासूनच बादलीजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. “पानी आलं” हे दोन शब्द तिनं काकूंकडून घेतले आणि सगळ्या स्ट्रीटला ऐकवले. चौथ्या दिवशी काकांनी जीपवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

ती मंडळी गेल्यावर दोनच दिवसांनी मी काका-काकूंना भेटायला गेले. आम्हीही त्या महिन्यात पंधरा दिवसांसाठी आलो होतो. काकू आत निजल्या होत्या. काका व्हरांड्यात बसले होते आणि मला वाटलं, आता हे आठ दिवस फुकट गेल्याचं रडगाणं लावणार. पण ते माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, “आठ दिवसांत मी तिले कोठीच नेलं नाही. पहिले लय वाईट वाटलं मले. मंग समजलं, पोरगी घरी आली होती. अन् मी तिले घरातून बाहेर काढून राह्यलो होतो.” मग त्यांनी माझा कार्यक्रम विचारला, सवयीनं. पंधरा दिवसांतले चार मी पचमढीला आणि दोन नागपूरला मैत्रिणीकडे लावून ठेवले होते, तिकिटांसकट. आईला सांगितलं तेव्हा ती “जा ना बाई, एवढ्या दुरून आली” असं म्हणाली होती, आणि मी ते खरं मानलं होतं. काकांना मी खोटंच सांगितलं की अजून काही ठरलं नाही.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मी तिला म्हटलं, मी कुठं जात नाही, आमची उद्यापासूनची तिकिटं परत करते. ताटातले उद्याचे तांदूळ निवडता निवडता ती उठली आणि तिनं डब्यातून आमच्यासाठी आणखी दोन वाट्या तांदूळ काढून आणले.