जूनचा व्हिडिओ

संयोगिताबाई मूळच्या उंब्रजच्या. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत वरच्या एकाही साहेबाने त्यांचं नाव धड घेतलं नव्हतं. घरी निम्मी कानडी बोलणारी धनगरांची पोरं मराठी पुस्तक बोट ठेवून, चाचपडत वाचायची. त्यावर बाईंनी स्वतःच्या फोनचा उपाय काढला. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या वाचनाचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्यायचा आणि शनिवारी तो त्यालाच दाखवायचा. आपण कुठे अडखळलो ते पोरं स्वतःच हेरत, तिथे पेन्सिलीने खूण करत आणि तोच उतारा पुन्हा वाचत. दिवाळीपर्यंत चौथीतली क्रांती असं वाचू लागली, की खिचडी शिजवणाऱ्या शालूबाई हातातला डाव थांबवून ऐकत राहायच्या.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुखांचा निरोप आला. एका मुलाचे दोन व्हिडिओ हवेत, एक जूनचा आणि एक आताचा. त्यावरून तालुक्यातून एक शाळा जिल्ह्याच्या पुरस्कारासाठी जाईल. आताचा होता. जूनचे सगळे गेले होते, कारण ऑगस्टात तो फोन टँकरच्या पाण्याच्या पिंपात पडला होता.

बाईंनी क्रांतीला बोलावलं. "जूनमध्ये वाचायचीस तसं वाच बघू."

"आता तसं येत न्हाई, बाई."

"न यायला काय झालं? सगळ्यांच्या नकला करतेस की!"

क्रांती खुदकन हसली आणि चार ओळींना तिने दोन मिनिटं लावली. अडखळणं कमी पडलं म्हणून बाईंनी ते आणखी दोनदा करून घेतलं.

शाळा निवडली गेली. व्हिडिओ तालुकाभर फिरले आणि फिरत फिरत सांगलीला नाथाजीच्या फोनवर पोचले. नाथाजी क्रांतीचा मामा. पाचवीपासून तो तिला आपल्या घरी ठेवून सांगलीत शिकवणार होता. नाहीतर तिला बापाबरोबर मेंढरांमागे जायचं होतं.

चौथ्या दिवशी क्रांतीची आई, सुलाबाई, पोरीला ओढतच शाळेत आली. बाईंसमोर केंद्रप्रमुख चहा पीत बसले होते. सुलाबाईने फोन पुढे धरला. "आवं बाई, दादाला सांगा की! पोरगी मुद्दाम तसं वाचत हुती म्हणावं."

फोनमधून नाथाजीचा आवाज आला. "बाई, चौथीतल्या पोरीला 'झाड' वाचता येईना. असलं ध्यान घरात ठिवून काय करू?"

"दुसरा व्हिडिओ पाहिला नाही का तुम्ही?"

"त्यो पाठ करून घेतल्याला. समद्याच शाळा करत्यात. आमी काय खुळं हाय व्हय?"

क्रांतीने टेबलावरचं पुस्तक उचललं, मधलंच पान उघडलं आणि फोनजवळ तोंड नेऊन वाचू लागली. कुठेही न थांबता, घडाघडा.

"झ्याक पाठ हाय," नाथाजी हसला. "बाई, येवढंच सांगा. पयला व्हिडिओ जूनचा हाय का न्हाई?"

केंद्रप्रमुखांनी कप खाली ठेवला. बाईंकडे पाहिलं.

"जूनचाच आहे," संयोगिताबाई म्हणाल्या.

क्रांती अजून वाचतच होती. ओळ अर्धी राहिली. तिने बाईंकडे पाहिलं, पण बाई कपबशी उचलत होत्या. सुलाबाईने पोरीच्या हातातलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि पाठीत एक धपाटा घातला. "बाईच म्हणत्यात, मग मी काय बोलू? चल."

चौथीचा निकाल लागला आणि क्रांती बापाबरोबर मेंढरांमागे गेली. जूनमध्ये सांगलीच्या सभागृहात दोन्ही व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवले गेले. पहिल्याला लोक पोट धरून हसले, दुसऱ्याला टाळ्या पडल्या. बाईंच्या खांद्यावर शाल आली. पुढच्या रांगेतल्या एका मॅडमनी कौतुकाने विचारलं, "गोड आहे हो मुलगी. आता कुठं असते?"

"इथंच," संयोगिताबाई शाल सावरत म्हणाल्या. "मामाकडे. सांगलीतच शिकते."