विभूती लावलेला व्हिडिओ गेम

मस्कतला मी गेले ती बहिणीच्या बाळंतपणासाठी. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा असलं सगळं बॅगेत कोंबून नेलं होतं. येताना त्याच बॅगेतून व्हिडिओ गेम आणीन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बहीण हिंडूफिरू लागल्यावर एका संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. एका दुकानातल्या टीव्हीवर इवलासा माणूस पळत होता. दुकानदारानं वायरीला जोडलेली बटणांची डबी माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं, माणसानं उडी मारली. परत दाबलं, परत उडी! मानवतला आमच्या घरी टीव्ही होता, पण तो बोलणार आणि आम्ही ऐकणार. हा टीव्ही चक्क माझं ऐकत होता.

"मैंने कुछ नहीं किया तो?" मी विचारलं.

"खड़ा रहेगा," दुकानदार म्हणाला.

मला काही पटेना. मी मुद्दाम हात बाजूला घेतला आणि बघत राहिले. तो बिचारा खरंच उभा. मागं गिऱ्हाइकं खोळंबली, बहीण दंड ओढायला लागली, पण माझा पाय निघेना. बहीण मला साडी घेणार होती. मी म्हणाले, साडी राहू दे, हेच घे.

"तुझ्याकडं कोण खेळणार गं?" ती सहज बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी खेळणार, एवढं साधं उत्तर होतं. पण ते गावात कसं देणार? मूल नसलेल्या बाईनं खेळणं आणलं की लोक लगेच हळहळणार. मला ती हळहळ नको होती, खेळायचं होतं. मानवत रोडला गाडीतून उतरेपर्यंत मी दुसरं एखादं उत्तर जुळवत होते. काही जुळलं नाही.

घरी सासूबाईंनी गेमचा डबा सगळीकडून निरखला. "कशाची मशीन हाय?" एवढंच विचारलं. कुणासाठी, ते विचारलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले.

आमच्या घरात नवं यंत्र आलं की पूजेशिवाय सुरू होत नसे. आडतीवरचा काटा असो की शेतातली मोटार, आधी विभूतीचे तीन आडवे पट्टे, मग नारळ. मी चहा घेऊन बाहेर आले तर सासूबाईंनी गेमला विभूती लावलेली, नारळ फुटलेला आणि त्याचं पाणी कॅसेट घालायच्या खाचेत चाललेलं.

"आत्याबाई, पाणी!" मी ओरडलेच.

"मोटारीला काय होत न्हाई, अन् ह्याला काय होतंय?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण माझं तोंड बघून त्यांचा चेहरा उतरला. मला रडूच फुटलं. त्यांनी गेम पदरानं पुसला, सुपात घातला आणि माळवदावर उन्हात नेऊन ठेवला. दोन दिवस सांडगे उलटावेत तसा त्या तो उलटत होत्या.

तिसऱ्या दिवशी लाइट आली तेव्हा मी भीत भीत बटण दाबलं. माणूस दिसला! उभा होता.

"ह्यो का थांबलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमी सांगितल्यावर चालतो."

"माझं ऐकतो?" त्यांनी डबी घेतली. माणूस पळाला आणि खड्ड्यात पडला. "अगं, मेला की!"

"परत उठतो."

"लय भारी हाय की!" म्हणत त्या पुढं सरकल्या. मला काही डबी परत मिळेना.

तेवढ्यात शेजारची बाई फॉरेनचं सामान बघायला आली. दारातूनच म्हणाली, "अवं काकू, घरात लेकरू न्हाई, मग हे खेळणं कुणासाठी आणलं?"

सगळ्या प्रवासात न सापडलेलं उत्तर आता कुठून आणणार?

सासूबाईंनी पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

"माझ्यासाठी. सुनंनं आणलंय. तू जरा बाजूला सरक, मला दिसंना गेलंय."