जेलीची पापलेटं

रेवसच्या धक्क्यावरून मुंबईला निघालो तेव्हा बोटीत पहिला पाय टाकला तो कुणाच्या तरी कोंबड्यांच्या टोपलीत. कोंबड्या ओरडल्या, कोंबडीवाली त्यांच्याहून जास्त ओरडली, आणि रडणारी माझी आय मध्येच थांबून हसायला लागली. तुम्ही जे जे गाव सोडून गेलात, तुमच्या आया डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. माझी पोट धरून उभी होती. बा तेवढा गंभीर. बोट सुटता सुटता तो धक्क्यावरून ओरडला, "कुनी काय बी इचारलं तं येतं म्हनायचं! न्हाय म्हनू नको!"

बाचं आयुष्यात मी एवढंच ऐकलं, आणि पुढचं रामायण त्यातूनच झालं.

माझा चुलतभाऊ धोंडूदादा एका पारशी घरात खानसामा होता. पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तसं त्यानं मला हाताखाली बोलावून घेतलं. घरच्या बाईंनी विचारलं, "कांदा कापते?" म्हटलं, येतं. "अंडा तळते?" येतं. "इंग्लिश गोड बनवते?" इंग्लिश माणूसच जेमतेम पाहिलेला, त्याचं गोड कुठून पाहणार? तरी म्हटलं, येतं. धोंडूदादानं मागून असा चिमटा काढला की अजून जागा दाखवता येईल. बाई म्हणाल्या, "बरा. रोशनच्या बर्थडेपर्यंत बघू. नाय जमला तर परत बोटीत." आणि धोंडूदादाकडे वळून, "याच्याबरोबर तू पन."

बर्थडे हा प्रकार मला नवा होता. आमच्या वाडीत पोरं होतात, वाढतात, पण कुठल्या दिवशी झाली याचं कुणाला सोयरसुतक नसतं. इथे बाईंच्या लेकीचा, रोशनबेबीचा दिवस आधीपासून ठरलेला, शेजारपाजारची पोरं बोलावलेली, दिवाणखान्यात फुगे आणि पताका. आणि बेबीनं मागितला होता जेलीचा ससा.

बाईंनी स्वतः गरम पाण्यात जिलेटिन विरघळवलं, रासबेरीचं सरबत घातलं, सशाच्या आकाराच्या पत्र्याच्या साच्यात ओतलं आणि साचा बर्फाच्या पेटीत ठेवला. मग केक आणायला धोंडूदादाला घेऊन घोड्याच्या व्हिक्टोरियातून निघाल्या. जाताना म्हणाल्या, "गनपत, ससा बराबर सेट होऊ दे. येते ना?"

दुसरं काय म्हणणार?

दुपारी पेटी उघडून साच्यात बोट लावलं. ससा थरथरला. आता मला सांगा, व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस खाऊन मोठी झालेली आपण माणसं. खरवस असा थुलथुलला तर आय काय म्हणते? "कच्चा हाय, अजून वाफ दे." इतका कच्चा ससा पंगतीला वाढला तर घराण्याची अब्रू जायची. मी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, खाली चुंबळ दिली, ससा आत बसवला, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. चांगली दणदणीत वाफ दिली. मनातून खूश होतो, की बाई अर्धवट सोडून गेल्या आणि आपण निस्तरलं.

झाकण काढलं तेव्हा साच्यात ऊन ऊन लाल पाणी. ससा नाही, सशाचा कानसुद्धा नाही.

तेवढ्यात बाई परतल्या; त्या दिवाणखान्यात गेल्या आणि धोंडूदादा केक घेऊन स्वयंपाकघरात आला. साच्यात डोकावला. "अरं, ह्यो काय केलास?"

"वाफवला."

"जेली वाफवलीस? तुज्या बानं तुला वाफवला असता तं बरा झाला असता!" माझ्या नोकरीचं ठीक होतं, पण त्याची बायकामुलं त्या पगारावर होती. त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

खोल साच्यात पुन्हा थिजायला वेळ नव्हता. पण पातळ थर लवकर थिजेल, एवढं डोकं चाललं. दोन मोठ्या परातींत ते लाल पाणी ओतलं, परातींखाली पेटीतला सगळा बर्फ फोडून घातला, आणि दोघं पंख्यानं वारा घालत बसलो. परातीत लाल पापुद्रा धरला. आता सुरीनं ससा कापायचा. कापला. तो गाढवासारखा दिसला. दुसरा कापला, तो बासारखा. मग माझ्या हातानं मला विचारलंच नाही, त्याला जे ठाऊक होतं ते तो कापत सुटला. पापलेट, बोंबील, चिंबोरी, कोळंबी. पाटीत केळीचं पान घालून त्यावर बाजारात मांडावी तशी मांडली आणि पाटी डोक्यावर घेऊन दिवाणखान्यात शिरलो, कोळणीच्या थाटात: "घ्या गो पापलेट! ताजा फडफडीत!"

आणि फडफडत होतंच की हो! चालताना एकूण एक मासा थरथरत होता.

पोरांनी आनंदानं किंकाळ्या फोडल्या. रोशनबेबी मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "मारो ससा कुठे?"

बाईंचे डोळे माझ्यावर. धोंडूदादा दाराआड. मी म्हटलं, "बेबी, मच्छीनं खाल्ला."

बेबीनं पापलेटाकडे बघितलं, विचार केला. "तर मी मच्छीला खाते," म्हणाली, आणि डोक्यापासून सुरुवात केली. बाई खुर्चीत बसून इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. आलेल्या दुसऱ्या बाईंनी तिथल्या तिथे आपल्या मुलाच्या बर्थडेसाठी मला मागून घेतलं.

तेव्हापासून मी जेलीवाला. आगगाड्या केल्या, हत्ती केले, एका डॉक्टरांच्या मुलासाठी दातांची कवळी केली. या शहरानं मला पोटाला दिलं ते असं, थरथरतं.

एका शिमग्याला घरी गेलो. तिथे बर्फ कुठला? म्हणून चायना ग्रास नेलं, ते शेवाळाचं, बर्फाशिवाय बसतं आणि जिलेटिनसारखं हाडांचंही नसतं. वाडीतल्या पोरांना पापलेटाचं काय कौतुक? त्यांच्यासाठी मोटार केली. आयनं तिला बोट लावलं आणि हात मागे घेतला. "रं, ही जित्ती हाय! कुनाचा वाढदिस?"

"कुणाचाच नाही."

"तुजा कवा असतंय?"

"ते तू सांगायचं."

आय बराच वेळ आठवत बसली. "लावनी उरकली व्हती... का व्हायची व्हती? मला न्हाय बा याद." मग मोटारीचं चाक तोडून माझ्या तोंडात घालत म्हणाली, "आज आलास ना? मंग आजच म्हन."

म्हणून आता मी घरी पोचतो त्या दिवशी माझा वाढदिवस असतो. मुंबईत दुसऱ्यांचे वाढदिवस इतके झालेत की घरी जाणं वर्ष वर्ष होत नाही. माझे वाढदिवस मोजले तर आयच्या लेखी मी अजून फार लहान आहे.